कृषिमंत्र्याचं बटण कुठलं?

चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीत शेत शोधायला गेलं तर दिवस संपेल, पण शेत सापडायचं नाही. पार्थसारथीच्या देवळाभोवतीच्या गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून रिक्षा आली तर दाराशी काढलेल्या कोलमवर पाय पडू नये म्हणून अंग चोरावं लागतं. झाम बझारमध्ये भाज्यांचे ढीग, वालाजाह मशिदीसमोर वर्दळ आणि जागोजागी एकट्या नोकरदारांना खोल्या देणारी लॉजं. त्यांना इथे ‘मॅन्शन’ असा भारदस्त शब्द आहे. हिरवं काही उरलं असेल तर ते नावात. तिरु-अल्लि-केणी म्हणजे कुमुदांचं पवित्र तळं. इंग्रजांच्या जिभेला हे नाव पेललं नाही, त्यांनी त्याचं ट्रिप्लिकेन केलं.

आणि तरी अख्ख्या तमिळनाडूची शेती ज्या कार्यालयातून चालते, ते राज्याचं कृषी आयुक्तालय इथेच आहे. वस्तीच्या समुद्राकडच्या कडेला, चेपॉकमध्ये. पिनकोडही तोच, ६००००५. कावेरीच्या खोऱ्यातल्या भाताचं बियाणं असो की कोविलपट्टीच्या काळ्या जमिनीतल्या कापसावरची कीड, कागद शेवटी या बिनशेताच्या वस्तीत येऊन पडतो.

निवडणुकीच्या दिवशी या वस्तीतला माणूस मतदान केंद्रात जातो. यंत्रावर उमेदवारांची नावं, समोर चिन्हं, प्रत्येकापुढे एक निळं बटण. त्यातलं कृषिमंत्र्याचं बटण कुठलं? कुठलंच नाही. तंजावरच्या भातशेतकऱ्याच्या यंत्रावरही ते नाही आणि लातूरच्या सोयाबीनवाल्याच्याही नाही. आपल्या देशात ‘राज्याच्या शेतीचा कारभारी’ या पदासाठी कुणाला उभंच राहता येत नाही. मग त्या खुर्चीवर माणूस येतो कसा?

लग्नघरातली कामवाटणी

लग्नघर डोळ्यांसमोर आणा. भावकी जमते आणि कार्याचा मुखत्यार कोण ते ठरवते. पुढची वाटणी मुखत्यार करतो: मांडव तुझ्याकडे, पंगत तुझ्याकडे, वऱ्हाडाची उतरायची सोय तुझ्याकडे. आचारी चांगला निघाला तर गावभर नाव होतं, भाजीत मीठ जास्त पडलं तरी गावभर नाव होतं. पण पंगत कुणाकडे द्यायची याचं मतदान भावकी करत नाही. ते मुखत्याराच्या मनावर.

राज्यघटनेतली वाटणी थोडीफार अशीच आहे. आपण आमदार निवडतो. ज्याच्यामागे निम्म्याहून जास्त आमदार, त्याला राज्यपाल मुख्यमंत्री नेमतात. तमिळनाडूत २३४ जागा आहेत, म्हणजे ११८ आमदार हवेत. महाराष्ट्रात २८८ पैकी १४५. बाकीचे मंत्री राज्यपालच नेमतात, पण मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने. हे कलम १६४. कोणाला कुठलं खातं द्यायचं, तेही मुख्यमंत्रीच ठरवतात. सही राज्यपालांची असते. महाराष्ट्राचा कुठलाही शासन निर्णय उघडा, तळाशी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ ही ओळ असते. ती वाचून एखाद्याला वाटेल की राज्यपाल स्वतः बसून ठिबक सिंचनाच्या अनुदानाचे आकडे काढतात. ती ओळ म्हणजे पत्रिकेतलं ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’. कार्य घरचीच माणसं करत असतात.

तेव्हा कृषिमंत्री व्हायचं मनात असेल तर आधी साधं आमदार व्हावं लागतं. वयाची २५ वर्षं पूर्ण, राज्याच्या मतदारयादीत नाव, १०,००० रुपयांची अनामत (अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला निम्मी), मालमत्ता, शिक्षण आणि खटले यांचं शपथपत्र. झालेल्या मतांच्या एकषष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत तर अनामत बुडते. एवढ्या सगळ्या कागदांत ‘कोणतं खातं हवं’ असा रकाना कुठेही नाही. आधी पक्षाचं तिकीट, मग विजय, मग आपल्याच पक्षाची सत्ता, मग मुख्यमंत्र्यांची मर्जी. चार दारं ओलांडायची आणि त्यातल्या दोनच दारांच्या किल्ल्या मतदाराच्या हातात.

आमदारकीची वाट थोडी मागेपुढे झाली तरी चालते. सभागृहाचा सदस्य नसलेल्यालाही मंत्री करता येतं, फक्त सहा महिन्यांच्या आत निवडून यावं लागतं. शिवाय महाराष्ट्रात विधान परिषद आहे, तिच्या ७८ सदस्यांतूनही मंत्री होतो. भाऊसाहेब तथा पांडुरंग फुंडकर हे परिषदेतून आलेले कृषिमंत्री. तमिळनाडूची परिषद १९८६ साली गेली, त्यामुळे तिथे हे बाजूचं दार बंद आहे.

पंगती तरी किती वाढवायच्या, यालाही बंधन आहे. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या १५ टक्क्यांवर अडवली. तमिळनाडूत ती मुख्यमंत्री धरून ३५, महाराष्ट्रात ४३. रुसलेल्या प्रत्येक काकाला काहीतरी काम देता येत नाही. म्हणून मग शेती कोणाकडे जाते हे बऱ्याचदा शेतीवरून ठरत नाही. कुठला जिल्हा रिकामा राहिला, कुठल्या गटाला किती खाती गेली, ज्येष्ठ कोण, नाराज कोण, या गणितातून जे उरतं ते खातं. ऊस आणि कापूस यांतला फरक कळणारा माणूस तिथे आला तर तो आपल्या नशिबाचा भाग.

जे मर्जीने मिळतं ते मर्जीने जातंही. महाराष्ट्रात २०२० च्या सुरुवातीपासून २०२५ च्या ऑगस्टपर्यंत कृषिमंत्र्यांच्या दालनाबाहेर दादा भुसे, अब्दुल सत्तार, धनंजय मुंडे, माणिकराव कोकाटे आणि दत्तात्रय भरणे अशा पाट्या लागल्या. मधले हंगामी कार्यभार वेगळे. या काळात विधानसभेची निवडणूक झाली एकच, २०२४ ची. जुलै २०२५ मध्ये सभागृहात मोबाइलवर पत्त्यांचा खेळ खेळल्याचा आरोप कोकाटे यांच्यावर झाला, त्यांनी तो नाकारला. महिनाअखेर खाती बदलली, शेती भरणेंकडे गेली, कोकाटे क्रीडामंत्री झाले. सिन्नरच्या आणि इंदापूरच्या मतदारांना ही बातमी बाकीच्यांसारखीच टीव्हीवर कळली.

चेपॉकचा आमदार आणि तंजावरचं भात

आता तिरुवल्लिकेणीकडे परत. इथला मतदारसंघ आज चेपॉक-तिरुवल्लिकेणी म्हणून ओळखला जातो. मतदारसंघांच्या फेररचनेनंतर २०११ पासून तो या नावाने लढवला जातो. त्याआधी चेपॉक आणि ट्रिप्लिकेन असे दोन वेगळे होते. त्यातल्या चेपॉकने द्रमुकचे नेते एम. करुणानिधी यांना १९९६, २००१ आणि २००६ असं तीनदा निवडून दिलं. शेत नसलेल्या मतदारसंघाचा आमदार शेतीचं काय करू शकतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही. जणू कुणी प्रयोगशाळेत मांडून ठेवलं आहे.

१९९६ ला करुणानिधी निवडून आले आणि त्यांचा पक्षही. ते मुख्यमंत्री झाले. १९९९ च्या नोव्हेंबरात मदुरैत पहिली ‘उळवर संदै’ उघडली. उळवर म्हणजे शेतकरी, संदै म्हणजे बाजार. शेतकऱ्याने माल स्वतः आणायचा, गाळ्याला भाडं नाही, तराजू सरकार देणार, मध्ये अडत्या नाही. आपल्याकडे शहरांत भरणारे शेतकऱ्यांचे आठवडी बाजार ज्यांनी पाहिले आहेत त्यांना कल्पना लगेच कळेल. फरक इतकाच की हा बाजार आठवड्याचा नसून रोजचा.

२००१ ला चेपॉकने पुन्हा त्यांनाच निवडलं, पण राज्यात सत्ता पालटली. आमदार तोच, मतदारसंघ तोच. नव्या सरकारला या बाजारांत रस नव्हता आणि त्यांना उतरती कळा लागली. २००६ ला चेपॉकने तिसऱ्यांदा तोच माणूस दिला आणि या वेळी सत्ताही आली. शपथविधीच्या दिवशीच त्यांनी सहकारी संस्थांची पीककर्जं माफ करण्याच्या आदेशावर सही केली, रेशनवर दोन रुपये किलो तांदळाच्या आदेशावरही केली. उळवर संदैंमध्ये पुन्हा जीव आला.

खरी गंमत पुढे आहे. २०११ ला त्यांनी चेपॉक सोडलं आणि तिरुवारूरमधून उभे राहिले. तिरुवारूर म्हणजे कावेरीचा त्रिभुज प्रदेश, भाताचं कोठार, त्यांचा मूळ मुलूख. नजर जाईल तिथपर्यंत खाचरं. ते मोठ्या फरकाने जिंकले. पण त्यांच्या पक्षाला राज्यात २३ जागा मिळाल्या, विरोधी पक्षनेतेपदसुद्धा दुसऱ्या पक्षाकडे गेलं. आता ते खऱ्याखुऱ्या शेतकऱ्यांचे आमदार होते आणि शेतकऱ्यांसाठी एक साधा आदेश काढण्याचीही ताकद त्यांच्याकडे नव्हती.

म्हणजे चेपॉकच्या फ्लॅटमधल्या मतदारांनी पाठवलेला माणूस अख्ख्या राज्याच्या शेतकऱ्यांचं कर्ज माफ करू शकला आणि तिरुवारूरच्या शेतकऱ्यांनी पाठवलेला तोच माणूस करू शकला नाही. मधला फरक शेताचा नव्हता, ११८ च्या आकड्याचा होता. आपला आमदार शेतीबद्दल किती तळमळीने बोलतो हे बघून मत देणाऱ्यांनी हे दोन निकाल शेजारी ठेवून पाहावेत.

२०२१ ला इथून उदयनिधी स्टॅलिन निवडून आले आणि पुढे उपमुख्यमंत्री झाले. त्या वेळी शेतीखातं मिळालं ते कडलूर जिल्ह्यातल्या कुरिंजिपाडीच्या एम. आर. के. पन्नीरसेल्वम यांना. राज्याचा पहिला स्वतंत्र कृषी अर्थसंकल्प त्यांनी १४ ऑगस्ट २०२१ रोजी मांडला. करोनामुळे विधानसभा तेव्हा सेंट जॉर्ज किल्ल्यातल्या आपल्या जागी भरत नव्हती. ती भरत होती वालाजाह रस्त्यावरच्या कलैवाणर अरंगम या सभागृहात, म्हणजे पुन्हा आपल्या याच वस्तीत.

स्वतंत्र कृषी अर्थसंकल्प हा शब्द भव्य आहे, म्हणून थोडा खुलासा. घरखर्चाच्या एकाच वहीत दूध, किराणा, औषधं सगळं लिहिलेलं असतं. कोणीतरी नवी वही आणतं आणि दुधाचा हिशेब तिच्यात उतरवून घेतं. त्याने दूध वाढत नाही; दुधावर किती जातं ते दिसतं. त्या वर्षीचा आकडा ३४ हजार कोटींच्या वर होता, पण त्यात शेतीखात्याबरोबर इतर खात्यांतून शेतीवर होणारा खर्च आणि शेतीपंपांच्या मोफत विजेचे पैसेही आले. दिसणं हीसुद्धा कमाई आहे, असं माझं मत. पण वही नवी झाली म्हणून गाय नवी झाली असं कुणी सांगू लागलं तर जरा थांबावं.

जिथे खरंच बटण असतं

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, एवढा वळसा कशाला? सरळ कृषिमंत्री निवडून द्या ना. जगात असं करणारे आहेत. अमेरिकेतल्या पन्नासपैकी बारा राज्यांत शेतीचा प्रमुख थेट मतदानाने ठरतो. पदाचं नाव बहुतेक ठिकाणी कृषी आयुक्त. आपला कृषी आयुक्त सनदी अधिकारी असतो, बदलीवर येतो आणि बदलीवर जातो. त्यांचा मतं मागत फिरतो. टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया, आयोवा ही त्यातली राज्यं. दक्षिणेकडची जास्त.

याची मुळं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आहेत. तिथला शेतकरी तेव्हा रेल्वेच्या मालभाड्याने आणि सावकाराने पिळला होता, त्यात भेसळीचं खत. जॉर्जियाचं शेतीखातं १८७४ सालचं आणि खतांची तपासणी हे त्याच्या सुरुवातीच्या मोठ्या कामांपैकी एक. पोत्यावर लिहिलेलं पोत्यात आहे की नाही हे बघणारा माणूस गव्हर्नरच्या मर्जीतला नको, आमचा हवा, हा त्यामागचा विचार. बोगस बियाण्याचा फटका खाल्लेल्या आपल्या शेतकऱ्याला तो सहज पटेल.

लग्नघराच्या भाषेत सांगायचं तर आचारीही भावकीनेच निवडला. आता मुखत्यार त्याला काढू शकत नाही. याचे फायदे दिसतात. जॉर्जियात टॉमी आयर्विन १९६९ पासून २०११ पर्यंत, सुमारे ४२ वर्षं, एकाच खुर्चीवर होते. आपल्याकडच्या पाट्या बदलणाऱ्या सुताराला हे ऐकून दुःखच होईल.

तोटेही तिथूनच निघतात. फ्लोरिडात २०१९ ते २०२३ या काळात गव्हर्नर रिपब्लिकन पक्षाचे रॉन डिसँटिस आणि कृषी आयुक्त डेमोक्रॅटिक पक्षाच्या निकी फ्रीड. दोघांचं पटायचं काही कारणच नव्हतं. तिथे पेट्रोल पंपाच्या मापाची तपासणी शेतीखातं करतं, म्हणून पंपांवर तपासणीचे स्टिकर लागतात. फ्रीडबाईंनी त्यावर स्वतःचा फोटो छापला आणि वाद पेटला. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये; रुग्णवाहिकेपासून बसथांब्यापर्यंत फोटो बघायची आपल्याला सवय आहे. पुढे त्या गव्हर्नरपदासाठीच उतरल्या, पण पक्षाची उमेदवारी त्यांना मिळाली नाही. याच फ्लोरिडात लपवून बाळगायच्या शस्त्राचा परवाना देण्याचं कामही शेतीखात्याकडे आहे! कामवाटणीत कुणाच्या वाट्याला काय येईल, सांगता येत नाही.

टेक्सासची गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. जिम हायटावर तिथे १९८३ पासून आयुक्त होते. कीटकनाशकं फवारताना शेतमजुरांचं रक्षण व्हावं म्हणून त्यांनी नियम कडक केले. बडे शेतकरी आणि रसायन कंपन्या नाराज झाल्या. १९९० ला रिक पेरी यांनी त्यांना हरवलं. हेच पेरी पुढे टेक्सासचे गव्हर्नर झाले. थेट निवडणुकीत हा पेच कायमचाच. शेतीच्या पदासाठी उभं राहणाऱ्याला प्रचाराचा पैसा देणार कोण? शहरातल्या माणसाला या निवडणुकीत रस नसतो. रस असतो तो खतवाल्यांना, बियाणेवाल्यांना, मोठ्या बागायतदारांना, म्हणजे ज्यांच्यावर त्याने उद्या लक्ष ठेवायचं त्यांनाच.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. महाराष्ट्रात सरपंच थेट निवडायचा की सदस्यांमधून, यावर २०१७, २०२० आणि २०२२ अशा तीन उलट्यासुलट्या फेऱ्या झाल्या. थेट निवडून आलेला सरपंच एका गटाचा आणि सदस्यांचं बहुमत दुसऱ्या गटाचं, अशा गावात काय होतं ते गावकऱ्यांना विचारा. ग्रामसभेतला तो तमाशा मोठ्या पडद्यावर पाहायचा असेल तर फ्लोरिडा. बाजार समितीतही हा प्रयोग झाला: १० गुंठे जमीन असलेल्या शेतकऱ्याला थेट मत देणारी दुरुस्ती २०१७ ला आली, २०२० ला गेली. बटण द्यावं की देऊ नये, याबद्दल आपलंच अजून ठरलेलं नाही.

चौकट : एका कांद्याचे किती धनी?

*राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत शेती हा राज्याचा विषय आहे. तरी चाळीतल्या कांद्याला विचारलं तर तो धन्यांची ही यादी देईल:*

*बियाणं, खत-औषधांची तपासणी, सल्ला : राज्याचं कृषी खातं*
*विहिरीच्या मोटरची वीज : ऊर्जा खातं*
*धरणाचं पाणी : जलसंपदा*
*सोसायटीचं पीककर्ज : सहकार*
*बाजार समिती : पणन*
*सातबारा, गारपिटीच्या मदतीचं वाटप : महसूल*
*खताचं अनुदान : केंद्र सरकार*
*निर्यात करायची की नाही : केंद्र सरकार*

*डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, मे २०२४ मध्ये उघडली. दोन्ही निर्णय दिल्लीचे. राज्याच्या कृषिमंत्र्याच्या हातात निवेदन देणं होतं. हमीभावही केंद्रच जाहीर करतं, आणि कांदा तर त्या यादीतही नाही.*

सही बांधावर पोचते कशी

कृषिमंत्र्याच्या खुर्चीवर बसलेला माणूस नेमकं काय करतो? धोरण ठरवतो. म्हणजे यंदा पैसा ठिबकला जास्त द्यायचा की शेततळ्याला, हे त्याने सांगायचं. सचिव त्याची फाइल करतो, अर्थखात्याकडून होकार आणतो. आयुक्त ते राबवतो. महाराष्ट्रात मंत्री आणि सचिव मुंबईत मंत्रालयात, आयुक्त पुण्यात. तमिळनाडूत मंत्री आणि सचिव किल्ल्यात, आयुक्त चेपॉकला. महाराष्ट्रात आयुक्तांच्या खाली उतरंड लागते: विभागीय सहसंचालक, जिल्हा अधीक्षक, तालुका कृषी अधिकारी, मंडल कृषी अधिकारी, उप कृषी अधिकारी (पूर्वीचे पर्यवेक्षक) आणि सगळ्यात खाली सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक). शेतकऱ्याच्या लेखी सरकार म्हणजे हा शेवटचा माणूस. बोंडअळी आली तर तो येतो, पंचनाम्याला तलाठ्याबरोबर तोच उभा असतो, आणि त्याच्याकडे गावं एकाहून जास्त असतात.

माठांच्या उतरंडीत वरच्या माठात पाणी ओतलं की ते आपोआप खाली येत नाही. प्रत्येक माठ उचलावा लागतो. ही उतरंड समजून घ्यायला नव्या मंत्र्याचं पहिलं वर्ष जातं. सात-आठ महिन्यांत खातं बदललं तर खरीप आणि रब्बीचा एक फेरासुद्धा त्याने पाहिलेला नसतो. यात कोण व्यक्ती चांगली, कोण वाईट हा मुद्दा नाही. पीक चार महिन्यांत येतं, जमीन सुधारायला दहा वर्षं लागतात, आणि खुर्चीचा हंगाम या दोन्हींशी जुळत नाही.

खाणाऱ्याचं मत

मग तिरुवल्लिकेणीचा मतदार शेतीबद्दल मत देतच नाही का? देतो, आणि जोरात देतो. फक्त ते शेताच्या बाजूने देत नाही, ताटाच्या बाजूने देतो.

या वस्तीत १९०४ साली ट्रिप्लिकेन अर्बन को-ऑपरेटिव्ह सोसायटी निघाली. ग्राहकांनी एकत्र येऊन धान्य-किराणा रास्त भावात घ्यायचा, या प्रकारच्या देशातल्या अगदी पहिल्या संस्थांपैकी ती एक. पुढे तिची रेशन दुकानंही चालू लागली. उत्पादकाची सोसायटी गावात असते, खाणाऱ्याची शहरात. तांदूळ तोच, पण एकाला तो महाग जायला हवा असतो आणि दुसऱ्याला स्वस्त मिळायला.

१९६७ ची मद्रासची निवडणूक या दुसऱ्या टोकावरून लढवली गेली. तांदळाची टंचाई होती, हिंदीविरोधी आंदोलनाचा राग ताजा होता. अण्णादुरैंच्या द्रमुकने रुपयाला तीन पडी तांदूळ देण्याचं वचन दिलं. पडी म्हणजे आपल्या पायलीसारखं तिकडचं माप. सत्ता आल्यावर तीन काही जमले नाहीत. रुपयाला एक पडी, तीही मद्रास आणि कोइमतूर या शहरांत सुरू झाली. भात पिकवणारा मुलूख तंजावरचा, स्वस्त तांदूळ शहरांना. मतांचा बाजार कुठे भरतो, हे यावरून कळावं.

त्याच लाटेत काँग्रेसचे सी. सुब्रमण्यम लोकसभेला हरले. ते मूळचे याच राज्यातले, आणि त्या वेळी केंद्रात अन्न व कृषी मंत्री होते. १९६४ ला लालबहादूर शास्त्रींनी त्यांना हे खातं दिलं तेव्हा कुणी हौसेने घ्यावं असं ते नव्हतं. देश अमेरिकेहून येणाऱ्या गव्हाच्या जहाजांवर जगत होता. सुब्रमण्यम यांनी ठेंगण्या मेक्सिकन गव्हावर पैज लावली. पक्षात विरोध झाला, तज्ज्ञांनी शंका काढल्या. दिल्लीतल्या आपल्या सरकारी बंगल्याची हिरवळ खणून त्यांनी तिथे तो गहू पेरला आणि १९६६ साली मेक्सिकोहून १८,००० टन बियाणं मागवलं. गहू पंजाबात पेरला जायचा आणि मतं मद्रासमध्ये पडायची होती, जिथे लोक भात खातात.

१९६८ चं पीक विक्रमी आलं. गोदामं कमी पडली, शाळांच्या इमारतींत गहू ठेवावा लागला. जुलैमध्ये टपाल खात्याने ‘गहू क्रांती’चं तिकीट काढलं. त्यावर गव्हाच्या ओंब्या आहेत आणि दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेची इमारत आहे. सुब्रमण्यम त्या वेळी मंत्री नव्हते आणि खासदारही नव्हते.